नेमणुकीवरचे राक्षस

सिटी सेंटरमधलं काळं तोंड

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये कुठल्या घराचं काम अजून चालू आहे हे कळायला वाळूचे ढीग शोधावे लागत नाहीत. मान वर केली की पुरे. स्लॅबच्या कडेला, सळईला नाहीतर बांबूला टांगलेलं एक काळं तोंड दिसतं. बटबटीत डोळे, वर पिळलेल्या मिशा, दोन शिंगं आणि हनुवटीच्याही खाली लोंबणारी लाल जीभ. इकडे त्याला नजरबट्टू म्हणतात. आपल्याकडे अशा जागी काळी बाहुली, फाटकी चप्पल किंवा कोहळा टांगतात. काम तेच.

सिटी सेंटर हा शहराचा नवा भाग. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे आहे. बँका आहेत, दवाखाने आहेत, कोचिंग क्लासच्या पाट्यांची तर दाटी आहे. पण ज्या इमारतीला उद्या काचा बसणार, तिच्यावर आज राक्षस बसतो. एका चौकात तिसऱ्या मजल्याची पट्टी ओढणाऱ्या मिस्त्रींना मी विचारलं, की हे तोंड मध्ये का नाही लावत, कोपऱ्यातच का? त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. रस्त्याने येणाऱ्याची नजर आधी कोपऱ्यावर पडते, मग भिंतीवर, म्हणून कोपऱ्यात. आणि घर पुरं झालं की? ‘रंग हो गया, इसकी ड्यूटी खतम.’ काही मालक त्यानंतरही ठेवतात म्हणे, पण ते मालकाच्या धास्तीवर अवलंबून.

‘ड्यूटी’ हा शब्द मी वहीत लिहून ठेवला. या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘अद्भुत प्राणी’, आणि सोबत जपानी देवळांच्या छपरांचे फोटो: कौलांच्या टोकाला शिंगं असलेले राक्षस, शेपटी आभाळाकडे उडवणारे मासे, दारात सिंहासारखे कुत्रे. असं आपल्याकडे काही आहे का, एवढाच प्रश्न होता. ‘आहे’ एवढं उत्तर पुरलं असतं, कारण भारतात देऊळ तिथे व्याल, म्हणजे सिंहाच्या धडाचा काल्पनिक प्राणी. पण ग्वाल्हेर निवडण्याचं कारण वेगळं. या एका शहरात आणि त्याच्या संग्रहालयात हे प्राणी दोन हजारांहून जास्त वर्षं कामावर दिसतात. आणि ते शोभेला बसवलेले नाहीत. इमारतीची जी जागा नाजूक असते, म्हणजे कोपरा, सांधा, उंबरठा, पन्हळ, छज्ज्याखालचा आधार, तिथे त्यांची नेमणूक असते. सिटी सेंटरचे मिस्त्री जे सहज बोलून गेले, तेच मी पुढे किल्ल्यावर आणि संग्रहालयात पाहत राहिलो.

‘ये चायनीज ड्रॅगन है’

किल्ल्यावर गाडीने जायचं तर पश्चिमेकडच्या उरवाई दरवाज्याने जातात. वाटेत कातळातल्या प्रचंड जैन मूर्ती लागतात. पण आपल्या विषयासाठी पूर्वेची पायवाटच बरी. खाली गुजरी महाल, मग चढाचा दगडी रस्ता, एकामागून एक दरवाजे, मध्येच कातळात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर. इथल्या 876 सालच्या शिलालेखात शून्याचा आकडा आहे, म्हणून गणितवाले लोक इथे येतात. आणि शेवटी हाथी पोल. या दरवाज्याला नाव मिळालं ते तिथल्या दगडी हत्तीवरून. 1528 मध्ये बाबर इथे आला तेव्हा तो हत्ती जागेवर होता आणि बाबराने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. आता हत्ती नाही, नाव आहे.

चढताना उजव्या हाताला जी भिंत डोक्यावर येत राहते ती मान मंदिराची. तोमर राजा मानसिंह 1486 ते 1516 गादीवर होता. हा महाल त्याचा. पूर्वेची दर्शनी बाजू सुमारे 300 फूट लांब, मध्ये गोल बुरूज. एवढी भिंत नुसती ठेवली असती तर तुरुंगाची वाटली असती (पुढे मुघलांनी महालाच्या तळघरांचा तुरुंग केलाच). मानसिंहाच्या कारागिरांनी तिच्यावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या टाइल बसवल्या. गडद निळा कोबाल्टचा, हिरवट-फिरोजी तांब्याचा. आणि त्या टाइलमधून प्राणी काढले.

दक्षिणेच्या अंगाला उभं राहिलं की ते नीट वाचता येतात. पिवळी बदकं रांगेने चाललेली. काही जण त्यांना हंस म्हणतात, आणि चोच पाहता दोघांचंही चालेल. केळीची झाडं, थेट बुंध्यापासून पानांपर्यंत. हत्ती. वाघ. आणि जबडा वासलेली मगर. पाचशे वर्षांच्या उन्हापावसात निळा अजून इतका निळा आहे की मोबाइलच्या फोटोत तो खोटा वाटतो. जिथे टाइल गळून पडली आहे तिथे दगडातली खाच उरली आहे, आणि खाचेच्या कडेवरून हरवलेला प्राणी कुठला ते ओळखता येतं. म्हणजे टाइल वरून चिकटवलेली नाही. आधी दगड खोदला, मग त्या खोलगट जागेत तिला बसवलं. हे काम रंगाऱ्याचं नाही, पाथरवटाचं आहे.

बाबराला हा महाल आवडला, पण खालच्या खोल्यांत हवा नाही, उजेड नाही अशी कुरकुर त्याने केलीच. त्याच्या नातवाच्या काळात मात्र आग्र्याच्या किल्ल्यातल्या जहांगिरी महालात जे नक्षीदार आधार आणि छज्जे आले, त्यांच्यावर ग्वाल्हेरची छाप उघड दिसते. हरलेल्याकडून जिंकणारा काय उचलतो, याची यादी कधीतरी कुणीतरी करायला हवी.

आतल्या दोन चौकांत मी गेलो तेव्हा एक गाइड आठ-दहा जणांच्या घोळक्याला छज्ज्याखाली घेऊन उभा होता. छज्जा पुढे आला की त्याचं वजन खांबाकडे वळवायला खाली तिरका आधार लागतो. इथे तो आधार सरळ पट्टीचा नाही; एक प्राणी अंगाला पीळ देऊन, मान खाली आणि पाठ वर करून तो भार घेतो. गाइडने टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘ये चायनीज ड्रॅगन है.’ राजाचा चीनशी व्यापार होता, तिथून हे आलं, असं तो पुढे सांगत राहिला. घोळक्याने फोटो काढले.

मला हे पटलं नाही, पण गाइडला दोष द्यावासाही वाटला नाही. आजच्या प्रेक्षकाला असा वळसेदार, जबडा वासलेला प्राणी दाखवला तर त्याच्या डोक्यात चित्रपटातला ड्रॅगनच येतो. मकर किंवा व्याल म्हटलं तर तो परत विचारणार. पण हा प्राणी आणायला राजा मानसिंहाला चीनपर्यंत जावं लागण्याचं कारण नव्हतं. भारहुतच्या स्तूपाच्या तोरणावर, इसवीसनाच्या आधी, आडव्या दगडांच्या दोन्ही टोकांना शेपटीचं वेटोळं केलेले मकर आहेत. तोरणाची तुळई जिथे संपते तिथेच. उघडं टोक नुसतं कापलेलं दिसू नये आणि नजर तिथे घसरू नये म्हणून त्या टोकाला तोंड दिलं. मान मंदिराच्या छज्ज्याखालचा प्राणी त्याच घराण्यातला आहे; फक्त त्याची बदली तोरणावरून छज्ज्याखाली झाली.

गर्द्यांनी भरलेला महाल

खाली उतरून गुजरी महालात आलं की दारातच दोन शार्दूल आडवे येतात. ते मुरैना जिल्ह्यातल्या सिहोनियाहून आणलेले. सिहोनिया म्हणजे काकनमठ नावाचं, दगडांची रास कशीबशी तोल सांभाळून उभी आहे असं वाटायला लावणारं अकराव्या शतकातलं शिवमंदिर जिथे आहे ते गाव. एकेकाळी देवळाचं रक्षण करणारे हे दोघे आता तिकीट खिडकीपाशी आहेत. हुद्दा तोच, कचेरी बदलली.

गुजरी महालातलं हे संग्रहालय 1922 मध्ये उभं राहिलं ते मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या हातून. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे ते प्रमुख. बाघच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करवून घेण्यापासून पवायाच्या उत्खननापर्यंत त्यांनी जे काम केलं त्याच्या मानाने महाराष्ट्रात त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं. संस्थानी काळात मराठी माणूस ग्वाल्हेरला कारकून, गवई, शिलेदार म्हणून आला हे आपण अभिमानाने सांगतो. उन्हात उभं राहून मोडक्या मूर्तींची नोंद करणारा गर्द्यांसारखा अधिकारी त्या यादीत येत नाही.

त्यांच्याआधी आणखी एक मराठी माणूस या मुलखात खणून गेला होता. विदिशेजवळचं बेसनगर तेव्हा शिंद्यांच्या राज्यात होतं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर यांनी 1913 ते 1915 या काळात तिथे उत्खनन केलं. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा वकील हेलिओडोरस याने वासुदेवासाठी उभारलेला गरुडध्वज तिथलाच. काळ इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाचा शेवट. गावकरी त्याला खांबबाबा म्हणून पुजत आले. वरचा गरुड मात्र सापडला नाही. खांब आहे, लेख आहे, परदेशी भक्ताचं नाव आहे, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो पक्षी गायब.

बेसनगरहून आलेलं मकराचं स्तंभशीर्ष मात्र गुजरी महालात आहे. मी त्याच्यापाशी सगळ्यांत जास्त वेळ काढला. मकर कसा जुळवतात ते इथे कळतं. जबडा मगरीचा, दातांची ओळ स्पष्ट. अंगावर खवले, मागे माशाचं शेपूट. पुढच्या शतकांत या तोंडाला हत्तीची सोंड फुटत गेली, कान आले, शेपटीची जागा फुलापानांच्या वेलबुट्टीने घेतली. ही जुळवाजुळव मन मानेल तशी नाही. मगर, मासा, हत्ती, तिन्ही पाण्याचे सोबती. मकर म्हणजे पाण्याच्या ताकदीला दिलेलं शरीर. म्हणून तो वरुणाचं वाहन, गंगेचं वाहन आणि कामदेवाच्या झेंड्यावरही तोच. गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी बाहेर काढणाऱ्या पन्हळीला मकराचं तोंड देतात, तेही याच हिशेबाने. पाणी बाहेर पडतं ती जागा इमारतीत सगळ्यांत आधी खराब होते. तिथे पाण्याचाच मुकादम बसवला.

गुप्तकाळापासून देवळाच्या दाराच्या चौकटीवर एका बाजूला मकरावर उभी गंगा आणि दुसऱ्या बाजूला कासवावर यमुना दिसू लागल्या. आत जाणारा माणूस दोन नद्यांमधून जातो, म्हणजे न्हाऊन जातो. बेसनगरची अशीच एक देखणी गंगा आज अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. तिथेच कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींनी बसून यक्षांवरची आपली दोन पुस्तकं लिहिली, आणि जल, वनस्पती, मकर, यक्ष हे सगळं एका धाग्यात कसं आहे ते उलगडलं. बेसनगरची गंगा बॉस्टनला आणि मकर ग्वाल्हेरला. वाहन आणि स्वार यांच्यात सध्या दोन महासागर आहेत.

पोट नसलेला पहारेकरी

सिटी सेंटरच्या नजरबट्टूचा सख्खा पूर्वज शोधायचा तर पुन्हा किल्ल्यावर जाऊन सासबहूच्या देवळात शिरावं. नाव सहस्रबाहूवरून घसरत आलं असं म्हणतात. कच्छपघात राजा महीपालाच्या वेळी, 1093 मध्ये, मोठं देऊळ पुरं झालं. शिखर गेलं, गाभारा रिकामा आहे, पण खांब शाबूत आहेत. खांबाच्या अंगावर एक तोंड: फुगलेले गाल, बाहेर आलेले डोळे, शिंगांसारख्या भुवया, खालचा जबडाच नाही. तोंडातून माळा लोंबतात. हे कीर्तिमुख.

त्याची गोष्ट स्कंदपुराणात आहे. जालंधराने राहूला शंकराकडे उद्धट निरोप घेऊन पाठवलं. शंकराच्या कोपातून एक भुकेला जीव निघाला आणि राहूवर धावला. राहू शरण आला, त्याला अभय मिळालं. पण मग या भुकेल्याने खायचं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पायापासून सुरुवात केली. मांड्या, पोट, छाती, हात, सगळं संपलं. तोंड तेवढं उरलं. शंकर प्रसन्न झाले आणि त्याला दारावर कायमची जागा दिली, वर असंही सांगितलं की याला नमस्कार न करता आत येणाऱ्याला माझी कृपा नाही.

गोष्ट म्हणून ती थोर आहेच, पण मला तिच्यातली व्यवस्था आवडते. पहारेकऱ्याला पोट नाही. म्हणजे तो लाच खाणार नाही, दमणार नाही, उठून जाणार नाही. आपल्याकडच्या जुन्या देवळांत उंबरठ्यावर हेच तोंड असतं आणि बायका-पोरं सवयीने त्याच्यावर पाय न देता ओलांडतात. जोत्यावर या तोंडांची सलग पट्टी असते तिला ग्रासपट्टी म्हणतात. वर गजथर, अश्वथर, नरथर. अंबरनाथच्या 1060 च्या देवळाच्या जोत्याशी वाकून बसलात तर हा सगळा संसार बघायला मिळेल. वजन खालून वर चढत जातं त्या क्रमाने प्राणी लावलेले असतात, आणि गिळणारा सगळ्यांच्या खाली, ओल जिथून चढते तिथे.

व्यालाची जागा वेगळी. सिंहाचं धड आणि तोंड कधी सिंहाचं, कधी हत्तीचं, कधी पोपटाचं, मेंढ्याचं, माणसाचं. मागच्या दोन पायांवर उभा, पायाशी एक छोटा योद्धा तलवार उपसलेला. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांनी या तोंडांची मोजदादही करून ठेवली. अपराजितपृच्छा सोळा प्रकार सांगते. मधुसूदन ढाकी यांनी 1965 मध्ये केवळ व्यालांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. देवळाच्या बाहेरच्या भिंतीला ज्या घड्या पडतात त्यातली आत गेलेली, सावलीची खाच म्हणजे सलिलांतर. खजुराहोला पाहा, व्याल तिथेच दडलेला असतो. उन्हात झळकायला देव आणि सुरसुंदरी, आणि काळोख्या खाचेत व्याल. रात्रपाळीला कोण लावायचं हे सूत्रधाराला ठाऊक होतं.

तेलीका मंदिरात दारावर गरुड आहे, पंख पसरलेला. किल्ल्यावरचं हे सगळ्यांत उंच देऊळ, आठव्या-नवव्या शतकातलं, गाडीच्या टपासारखं गोल छप्पर असलेलं. लोक त्याची उंची बघतात आणि दारातून आत जाऊन परत येतात. गरुड दिसायला पाच पावलं मागे यावं लागतं.

महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर देवळाचे हे पहारेकरी लष्करात भरती झाले. शरभ, म्हणजे सिंहासारखं काल्पनिक श्वापद, तर दरवाज्यांवर जागोजाग. जंजिऱ्याच्या दारावरच्या श्वापदाने पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेत. गंडभेरुंडही दोन डोकी घेऊन हजर असतो. हत्ती म्हणजे शत्रूचं बळ, असं त्याचं वाचन करतात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांना हे प्राणी ओळखीचे असणार, पण त्यांनी आपल्यासाठी दुसराच निवडला. त्याच्याकडे येतोच.

समुद्रापलीकडे बदली

संपादकांच्या फोटोंकडे आता वळू. जपानी कौलारू छपराची आढी जिथे संपते ते टोक पावसाला उघडं असतं. तिथून पाणी आत शिरलं की लाकूड कुजतं. ते टोक झाकायला एक मोठं कौल बसवतात, आणि त्या कौलावर राक्षसाचं तोंड असतं: ओनिगावारा. शिंगं, सुळे, फुगलेले गाल. ग्वाल्हेरच्या कीर्तिमुखाशेजारी ठेवलं तर चुलतभाऊ वाटावेत. गळती आणि दुष्ट शक्ती, दोन्हींचा बंदोबस्त एकाच कौलाने.

बौद्ध धर्म भारतातून मध्य आशिया, चीन, कोरिया असा चालत जपानला पोचला तेव्हा त्याच्या सामानात हे प्राणीही होते. नारा शहरातल्या कोफुकुजी देवळात 734 च्या सुमाराचा, लाखेच्या थरांतून घडवलेला गरुड आहे. तिथे तो कारुरा. अंगात चिलखत, मान किंचित वळलेली, चोच पक्ष्याची आणि उभं राहणं सैनिकाचं. शिकोकू बेटावर खलाशांचा देव आहे कोम्पिरा. तो मूळचा आपला कुंभीर, म्हणजे मगर. समुद्रावर जाणारे लोक मगरीला नवस करतात यात मला काही विचित्र वाटत नाही.

नागोयाच्या किल्ल्याच्या छपरावर सोन्याने मढवलेली शाचीहोकोची जोडी आहे. तोंड वाघाचं, अंग माशाचं, शेपूट आभाळाकडे. त्याचं नातं आपल्या मकराशी जोडणारे अभ्यासक आहेत. त्याचं काम आग विझवणं. लाकडी किल्ल्याला शत्रूपेक्षा आगीचं भय मोठं, म्हणून छपरावर पाण्याचा प्राणी. 1612 च्या त्या मूळच्या बुरुजाने तीनशेहून अधिक वर्षं काढली आणि 1945 च्या हवाई हल्ल्यात तो जळाला. 1959 मध्ये पुन्हा उभारला तो काँक्रीटचा. काँक्रीट असं पेट घेत नाही. तरीही शाची पुन्हा वर चढवलेच. ड्यूटी संपल्यावरही मालक कधी कधी ठेवतात, हे सिटी सेंटरच्या मिस्त्रींनी सांगितलंच होतं.

आणखी एक गंमत निक्कोची. तोशोगू या देवस्थानाची 1636 मध्ये पुनर्बांधणी झाली तेव्हा कानो तान्यू या चित्रकाराने हत्ती न पाहताच, ऐकीव माहितीवर हत्तींचं चित्र काढलं आणि त्यावरून कोरीवकाम झालं. ‘कल्पनेतले हत्ती’ म्हणूनच ते प्रसिद्ध आहेत. कान चमत्कारिक, शेपट्या भलत्याच. म्हणजे तिथे खरा प्राणीच काल्पनिक झाला. ग्वाल्हेरच्या पाथरवटाने हत्ती रोज रस्त्यावर पाहिला होता, म्हणून त्याने हत्तीची सोंड बेधडक मगरीला लावली. अद्भुत घडवायला दोन वाटा असतात: एक फार थोडं ठाऊक असण्याची, दुसरी फार चांगलं ठाऊक असण्याची. मला दुसरी जास्त अवघड वाटते.

दोन नाग आणि एक सूर्य

शिंद्यांनी निवडलेला प्राणी म्हणजे नाग. ग्वाल्हेर संस्थानच्या राजचिन्हात सूर्याच्या दोन्ही बाजूंना फणा काढलेले दोन नाग आहेत. माधवराव शिंद्यांच्या वेळच्या तांब्याच्या पाव आण्यावरही ते आहेत. घराण्याच्या मूळपुरुषावर झोपेत ऊन पडू नये म्हणून नागाने फणा धरली, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत अजून सांगितली जाते. शिंद्यांसारख्या कण्हेरखेडच्या पाटलांना राज्यापर्यंत नेणारी अशी एखादी गोष्ट लागतेच.

योगायोग असा, की ज्या मुलखात हे नाग साताऱ्याकडून आले तिथे आधीच नाग राज्य करून गेले होते. ग्वाल्हेरच्या दक्षिणेला, सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमावर पवाया आहे, जुनी पद्मावती. नागवंशी राजांची ती राजधानी. त्यातल्या गणपतिनागाला समुद्रगुप्ताने हरवल्याचं प्रयागच्या स्तंभलेखात आहे. विदर्भातून आलेल्या भवभूतीने ‘मालतीमाधव’ या नाटकाची कथा याच नगरात घडवली. गर्द्यांनी इथे खणलं तेव्हा मणिभद्र यक्षाची मूर्ती, ताडाच्या पानांचं स्तंभशीर्ष अशा वस्तू निघाल्या आणि गुजरी महालात आल्या. शिंद्यांच्या नोकरीतला मराठी अधिकारी नागांची राजधानी उकरतो आहे आणि त्याच्या पगाराच्या नाण्यावर नागच आहेत, हे चित्र त्याला कधी सुचलं असेल का कोण जाणे.

सिटी सेंटरमध्ये लश्करातून राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबात मी चहाला गेलो होतो. काकूंचं मराठी ग्वाल्हेरी, म्हणजे वाक्य मराठी आणि मध्येच ‘लेकिन’. नागपंचमीला त्या अजून पाटावर चंदनाने नाग काढतात, लाह्या-दूध दाखवतात आणि दिवसभर विळी हातात घेत नाहीत. ‘अहो, फ्लॅटमध्ये नाग कुठून यायचा? लेकिन काढायचा तर काढायचा,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या सुनेने दारावर चिनी दुकानातून आणलेला लाल ड्रॅगन लावला होता. दोघींचं त्यावरून काही भांडण नव्हतं. काकूंना तो शेपटीवरून नागच वाटत होता.

छिन्नीखालचा मकर

ग्वाल्हेरच्या आसपासचा वालुकाश्म चांगला कोरता येतो, आणि फिकट हिरवट छटेचा ‘ग्वाल्हेर मिंट’ तर परदेशातही जातो. शहरात दगड घडवणाऱ्यांचे कारखाने आहेत. त्यातल्या एकाच्या अंगणात गेलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं, पंखा बंद होता आणि धुळीत तीन जण काम करत होते. भिंतीला टेकून सिंहांच्या जोड्या उभ्या: बंगल्याच्या फाटकासाठी. सगळ्यांत जास्त खप त्यांचाच. त्याखालोखाल बुद्धाचं डोकं आणि कारंजं.

एका कोपऱ्यात मकर होता. एका गावच्या शिवमंदिरासाठी पन्हळ. जबडा झाला होता, सोंड अजून खडूच्या रेघेतच. म्हातारे कारागीर म्हणाले, सिंह कुणालाही येतो, मशिनने निम्मा करता येतो, हा नाही. तोंड दिसायला छान झालं आणि आतली नाळ चुकली तर पाणी परत गाभाऱ्यात जातं. म्हणून ते आधी आतून कोरतात. नाळेला पुढच्या बाजूला उतार द्यायचा, ओठाच्या खाली बारीक खाच मारायची. ती खाच नसेल तर पाणी ओठाला चिकटून मागे भिंतीवर ओघळतं आणि दोन पावसाळ्यांत भिंत काळी पडते.

मी विचारलं, ही खाच कुणी शिकवली? त्यांनी छिन्नीनेच मकराच्या खालच्या ओठाकडे बोट केलं आणि म्हणाले, पुरान्या देवळांत जाऊन हात लावून बघा, सगळ्यांना असते. मग त्यांनी पोराला डबाभर पाणी आणायला पिटाळलं. पाणी नाळेतून आलं, ओठावरून सुटलं आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर पडलं. एक थेंब मात्र उजव्या दाढेवरून मागे वळला. म्हाताऱ्यांनी तिथे खडूने खूण केली आणि पुन्हा छिन्नी लावली.